नावाचा नारळ

निलेशला बोटीवर नोकरी लागली, ही बातमी मला त्याने सांगितली नाही की माझ्या नातीने सांगितली नाही. सांगितली शेजारच्या भाग्यलक्ष्मीने, तीही कुंपणावरून मान लांब करून.

"कमलाक्षीबाय, जावई बोटीर चल्लो म्हणतत?"

"माझी नात अजून कुमारी आहे. तुला जावई कुठे दिसला? डोळ्यांत फूल पडलं असेल तर दाखवून ये."

तिचं तोंड बंद केलं. गणपतीची चवथ बारा दिवसांवर आली होती. अंगणात माटोळीचं सामान पसरलेलं, आणि ते निवडता निवडता माझे हात थांबले.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला रानातली फळं, सुपारीचे घोस, नारळ, आंब्याचे डहाळे बांधतात. ती फळं रानातून आणून पेडण्याला आणि डिचोलीला बाजारात विकायची, हा माझा धंदा. मी मराठी तिसरी शिकले. चौथीत जायच्या आधीच बापाने गुरांची दोरी हातात दिली. पण कांगण्या कुठल्या बांधावर लाल होतात, कवंडळ कुठल्या झाडावर चढलेलं असतं, ते मला विचारा. शिकलेल्या बायका माझ्यासमोर मोबाईल धरून फळांची नावं लिहून घेतात. मी सांगते. एखादं चुकीचं पण सांगते, जी जास्त मिजास करते तिला.

निलेश आम्हाला डिचोलीच्या बाजारातच भेटला. दोन वर्षं झाली. त्याचं घर दोडामार्गकडचं, बाप खाणीच्या ट्रकवर होता, हा पण ट्रकच चालवायचा. आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि सिद्धीला विचारतो कसा, "ह्या काय?"

सिद्धी म्हणाली, "कांगण्या."

"आणि ह्या?"

"तोरिंग."

"आणि ह्या?"

मी म्हटलं, "तो नारळ. तुमच्या दोडामार्गात उगवत नाही का?"

लाजला. रानात वाढलेला पोर, त्याला सगळी फळं माझ्याइतकीच ठाऊक होती. पण त्या दिवशी सिद्धी कितीतरी वर्षांनी मोकळी हसली. ते हसणं मला तेव्हा आवडलं होतं. खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सिद्धी कामावरून आली. पेडण्याला औषधांच्या दुकानात असते ती. स्कूटर लावली, पाय धुतले. मी चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं.

"बोटीवर जातोय म्हणे तो?"

"हो. नऊ महिने." तिने सायकलवरून येणाऱ्या पोदेराच्या पावाचा तुकडा मोडला, चहात बुडवला आणि तसाच धरून बसली. पाव विरघळून कपात पडला. "जायच्या आधी उत्तर पाहिजे म्हणतो. परत आल्यावर लग्न करू म्हणतो."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. ती घरात राहील, एवढंच मनात आलं. मेल्या मनाला लाज नसते.

सिद्धीची आई तापाने गेली तेव्हा सिद्धी तीन वर्षांची होती. माझा नवरा यशवंत त्याच्याही आधी गेलेला. घरात मी, माझा मुलगा दत्तप्रसाद आणि ही पोर. दत्तप्रसाद हाताचा हुशार. माटोळी बांधायला त्याला बापाने शिकवलं होतं. केवणीच्या झुडपाची साल पाण्यात भिजवायची, ओली असतानाच गाठ मारायची. साल वाळत जाते तशी गाठ आवळत जाते, मग सुरीशिवाय सुटत नाही. दत्तप्रसाद स्टुलावर चढायचा आणि सिद्धी खाली उभी राहून एकेक फळ वर द्यायची. "बाबा, हे लाल." "बाबा, हे काटेवालं." तो मुद्दाम म्हणायचा, "ह्यां नको, ह्यां गणपतीक टोचतलां." ती खदखदून हसायची. तो आवाज अजून माझ्या घरात कुठेतरी अडकलाय असं वाटतं. जनेल उघडून बाहेर बघितलं की कधी कधी ऐकू येतो.

बायको गेली आणि त्याचं घरात मन लागेना. यशवंतचा जन्म पोर्तुगीजांच्या वेळचा. त्या जन्माच्या कागदावर मुलाने पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि विलायतेला गेला. सिद्धी पाच वर्षांची होती. जाताना तिला उचलून म्हणाला, "चवथीक येतंय हां बाय." कुठल्या चवथीला, ते बोलला नाही.

आमच्या घराण्यात एक चाल आहे. दुसरीकडे मी ती पाहिली नाही. घरचं माणूस परगावी असेल तर चवथीला त्याच्या नावाचा एक नारळ माटोळीला बांधायचा. गणपती पोचवला की तो नारळ फोडायचा नाही, जपून ठेवायचा. माणूस घरी आलं की त्याने तो आपल्या हाताने फोडायचा आणि सगळ्यांनी खोबरं खायचं. नाही आलं, तर पुढच्या चवथीला जुना पाण्यात सोडायचा आणि नवा बांधायचा. घरात ज्याच्या नावाचा नारळ आहे, त्याची जागा आहे. एवढा साधा अर्थ.

दत्तप्रसाद गेल्यावर माटोळी मीच बांधू लागले. भावकीतले म्हणाले, बाईमाणसाने चढायचं नसतं. मी म्हटलं, बरं, मग तुमच्यातला एक बुवा पाठवा. कोण येतोय! पहिल्या वर्षी त्याच्या नावाचा नारळ बांधला. दुसऱ्या वर्षी बांधला. सिद्धी नारळाला हात लावून विचारायची, "ह्यात पाणी आहे ना अजून?" मी म्हणायची, "आहे, आहे."

तिसऱ्या वर्षी मी नारळ बांधला नाही. सिद्धी आठ वर्षांची होती. माटोळीखाली उभी राहून बोटाने एकेक फळ मोजत गेली आणि म्हणाली, "आजी, बाबाचा विसरलीस."

"विसरले नाही. तुझा बाप आता यायचा नाही. त्याच्या नावाचा नारळ नको."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर तिने बापाचं नाव काढलं नाही. शाळेच्या सहलीला गेली नाही, कारण बस परत येईल की नाही, असं तिला वाटायचं. मला तापाची कणकण आली तरी रात्रभर दाराशी बसायची. मोठी झाली, कामाला लागली, तरी मी बाजाराला निघाले की, "किती वाजता येशील? नक्की?" लोक म्हणायचे, कमलाक्षीची नात गुणाची. मी मान ताठ करून ऐकायची.

तर निलेश आला. सिद्धीने नाही म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. पाठीवर केवणीच्या सालीचा हा एवढा भारा. ओसरीवर टाकला आणि उभा राहिला.

मी म्हटलं, "काय रे, बोटीवर जाणाऱ्याने डोंगरावर कशाला जायचं?"

"आजी, तुमका केवण कमी पडता म्हणून हाडलंय."

"आणि नातीला काय कमी पडतं, ते आणलंस का?"

तो ओसरीवरच्या कदेलावर, जुन्या खुर्चीवर, बसला. ऊन लागून काळवंडला होता. म्हणाला, "तांच विचारूक इलंय. माझा काय चुकला, तां सांगा. खाणी बंद पडल्यार मी ट्रक घेऊन खंय खंय फिरलंय. आता बरी नोकरी गावली. आठ-नऊ महिन्यांनी परत येतलंय. हरमलचे, मांद्र्याचे कितके जण जातत आणि येतत. मीच येवचंय नाय, असा हिका कित्याक वाटता?"

सिद्धी आतल्या दारात उभी होती. उंबऱ्याच्या अलीकडे आली नाही.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "माझा बापही असाच होता. चांगला. मला कधी मारलं नाही त्याने. येतो म्हणाला आणि गेला. वीस वर्षं झाली, निलेश. मी त्याच्यावर रागावले पण नाही रे. मला एवढंच कळलं, की माणूस चांगला असला तरी जातो. एकदा, एकदाच जर तो ह्या दारात येऊन उभा राहिला असता ना, मला घेऊन नसता गेला तरी चाललं असतं, नुसता आला असता, तर आज मी तुला हो म्हटलं असतं."

निलेशने मान खाली घातली. "माझा विमान गुरुवारी असा," म्हणाला. "मोप्याहून. दुपारचा." आणि पाणी न पिता गेला.

मी तिथेच बसून होते. सालीचा भारा सोडायला घेतला, पण बोटं चालेनात. कारण तो आला होता.

हो. माझा दत्तप्रसाद आला होता. ते तिसरं वर्ष होतं, चवथीच्या आठ दिवस आधी. सकाळचे अकरा. सिद्धी शाळेत. भाड्याची गाडी खाली रस्त्यावर उभी करून चढ चढून आला. अंगाने भरला होता, पायात जाड बूट. मी त्याला मिठी मारली. पेज वाढली. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आये, मियां थंय लगीन केलंय. सिद्धीक व्हरूक इलंय. तिका विचारलंय मी. ती म्हणता, पोर चलात."

चलात! माझी नात म्हणजे काय, जुनी सायकल, की चालत असेल तर न्या? माझं डोकं फिरलं. पण खरं तेवढंच नव्हतं. खरं हे होतं की पोर गेली तर ह्या घरात माझ्याशिवाय दुसरा आवाज उरला नसता. मी त्याला म्हटलं, "ती तुला विसरली. तुझं नाव काढलं तर तोंड फिरवते. तिने सांगितलंय, बाबा आला तरी मी भेटणार नाही."

आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडी मी हे घातलं.

त्याने पेज बाजूला सरकवली. मग विचारलं, "माझ्या नावाचो नारळ? तो तरी दी. फोडतंय आणि जातंय."

नारळ माझ्या पेटीत होता. लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेला. मी म्हटलं, "बांधलाच नाही. गेल्या वर्षी पण नाही."

त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही, तिसरी शिकलेल्या बाईला एवढं येत नाही. तो पायरीवर बसला. बुटाची नाडी बांधलेली होती, ती सोडून परत बांधली. सिद्धीसाठी आणलेली बाहुली खांबाला टेकवून ठेवली आणि चढ उतरून गेला. नंतर फोन आले. मी तेच तेच सांगत राहिले. मग फोन बंद झाले. बाहुली मी भाग्यलक्ष्मीच्या तनयाला देऊन टाकली. म्हटलं, बाजारात मिळाली. आणि माझी सिद्धी रोज शाळेतून आली की कुंपणातून पलीकडे जायची, तनयाची बाहुली खेळायला.

सतरा वर्षं मी म्हणत आले, की पोरगी मी वाढवली. वाढवलीच. पण माणूस परत येत नाही, हे तिला तिच्या बापाने शिकवलं नव्हतं. ते मी शिकवलं.

दोन दिवस मी गप्प राहिले. सोमवारी डिचोलीच्या बाजारात गेले, एका बाईला तोरिंगाऐवजी कवंडळ दिलं, तिनेच परत आणून दाखवलं. असं माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. सांगितलं तर सिद्धी मला सोडून जाईल, हे मला दिसत होतं. नाही सांगितलं तर ती कुठेच जाणार नाही, कोणाकडेच, आणि मी गेल्यावर ह्या दाराशी एकटी बसून राहील. तेही दिसत होतं.

बुधवारी तिला सुट्टी होती. जेवण झाल्यावर ती ओसरीवर सुपारीचे घोस निवडत बसली. मी पेटी उघडली, शालू काढला, नारळ घेऊन बाहेर आले आणि तिच्यासमोर ठेवला. केवढासा हलका झाला होता. वरचं सोडण काळं पडलेलं. हलवला की आत खोबऱ्याचा गोटा खडखड वाजत होता.

"हे काय?" ती म्हणाली.

"तुझ्या बापाच्या नावाचा. दुसऱ्या वर्षीचा."

तिने हातातला घोस खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. बसून नाही, उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर रडले असते, आणि रडून सांगितलेलं अर्धं माफ होतं. मला ते नको होतं. गाडी, बूट, पेज, नाडी, फोन, सगळं. ती ऐकत होती आणि नारळाकडे बघत होती.

बाहुलीचं सांगितलं तेव्हा मात्र तिने मान वर केली.

"निळ्या डोळ्यांची?"

"हो."

"तनयाची?"

"हो."

"ती माझी होती?" तिचा आवाज आठ वर्षांच्या पोरीचा झाला. "आजी, ती मला फक्त पाच-पाच मिनिटं द्यायची गो. मी तिचे केस विंचरून द्यायची, तिची शाळेची वही लिहून द्यायची, तेव्हा द्यायची. तू इथे बसून बघायचीस."

"बघायची," मी म्हटलं.

तिने नारळ उचलला, आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं. कडी लावल्याचा आवाज आला. आमच्या घरात आतल्या दारांना कडी लावायची पद्धत नाही.

गुरुवारी ती माझ्याशी बोलली नाही. अकराच्या सुमारास स्कूटर काढली. मी ओसरीवर होते. तिच्यासारखंच विचारणार होते, किती वाजता येशील, आणि जीभ दाताखाली धरली. ती मोप्याच्या रस्त्याला वळली. आता माझीच पाळी होती दाराशी बसायची. मोप्याकडे विमान वर चढलं की आमच्या अंगणातून दिसतं. दुपारी एक गेलं, मग आणखी एक गेलं. कुठल्यात निलेश होता, मला काय कळणार. भाग्यलक्ष्मी कुंपणाशी आली, म्हणाली, "कमलाक्षीबाय, आज वयर काय बघतास?" मी म्हटलं, "पाऊस." आभाळ स्वच्छ होतं. तीही वर बघून आत गेली. बाई तशी वाईट नाही.

सिद्धी दिवेलागणीला आली. डोळे सुजलेले. मी पान वाढलं. ती जेवली. बोलली एकच वाक्य, "आमटीत मीठ नाही." मी मीठ पुढे सरकवलं. त्या एका वाक्यावर मी चार दिवस काढले.

त्या चार दिवसांत तिने भावकीतल्या गोकुळदासला दोनदा फोन केला, एवढं माझ्या कानावर आलं. दत्तप्रसादचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल तर त्यालाच. तिने नंबर घेतला का, पुढे फोन लावला का, काय बोलली, तो काय बोलला, मी विचारलं नाही. माझी जीभ ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

मग चवथीची आदली दुपार आली. चौकट खाली उतरवून पुसली, परत वर टांगली. मी निलेशने आणलेली साल पाण्यातून काढली, पदर खोचला आणि स्टूल ओढायला गेले. सिद्धी आतून आली आणि स्टूल माझ्या हातातून घेतलं.

"तू राहू दे. तुझे गुडघे कुरकुरतात," म्हणाली. "मी चढते."

"तुला गाठ येते?"

"बाबा मारायचा तेव्हा मी खाली उभी असायची. डोळे मिटले नव्हते माझे."

मी एकेक फळ वर देत गेले. कांगण्या दिल्या, तोरिंग दिलं, आंबाडे दिले. काटेवालं फळ हातात आलं तेव्हा माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं, गणपतीला टोचेल म्हणून, पण मी गिळलं. ते वाक्य माझं नव्हतं. तिने ते फळ घेतलं, क्षणभर हातात धरलं आणि बांधलं.

शेवटी घरचा पाच नारळांचा घोस चढवला. मला वाटलं, झालं.

"आणखी एक दे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती गाठीकडे बघत होती. "निलेशच्या नावाचा," म्हणाली.

मी शेंडी बघून चांगला नारळ निवडला, कानाशी हलवून पाणी बघितलं आणि दिला. तिने ओल्या सालीचा फास दोनदा फिरवून गाठ आवळली. दत्तप्रसाद आवळायचा तशीच, शेवटी अंगठ्याने दाबून.

"आणखी एक," ती म्हणाली.

ह्या वेळी तिने नाव घेतलं नाही. आणि तो जुना, खडखडणारा नारळ तिने पाण्यात सोडला नव्हता. तिच्या खोलीत जनेलाशी ठेवलेला मी सकाळीच पाहिला होता. मी दुसरा नारळ वर दिला. तिने तो चौकटीच्या टोकाला बांधायला घेतला. हात पुरत नव्हता, म्हणून ती चवड्यांवर उभी राहिली आणि स्टूल डुगडुगलं.

"आजी, नीट धर. सोडू नको."

"धरलंय," मी म्हटलं.